माळावर पहिल्यांदा जाताय? बेफिकीर शिकाऱ्यांपासून जीव कसा जपायचा

जानेवारीतली सकाळ होती. सोलापूर-बार्शी रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गाडीवाटेच्या कडेला मी उकिडवी बसले होते. अंगात मातकट जाकीट, डोक्याला तसलीच टोपी, डोळ्याला दुर्बीण. समोरच्या गवतात धाविक पक्ष्यांची जोडी होती आणि डावीकडं पुरुषभर उंचीची ज्वारी. ज्वारीच्या पलीकडून बार झाला आणि माझ्या डोक्यावरच्या हिवराच्या झाडात कुणी मूठभर वाळू फेकावी तसा आवाज आला. ते छर्रे होते हे कळायला मला काही क्षण लागले. भीतीनं मी आणखी दबून बसले. मेंढरं घेऊन लांबून येणारे एक मामा काठी उंचावत, ओरडत धावत आले. "माणूस हाय ओ तिथं! बार टाकू नगा!" ज्वारीत पावलं वाजली, मोटारसायकल सुरू झाली, आवाज लांब गेला. मामांनी मला हाताला धरून उठवलं. "असं दडून बसायचं न्हाई पोरी. बसलं की जनावर, उभारलं की माणूस."

माळावर जाणाऱ्या प्रत्येक नवख्या मुलाला, मुलीला मी आधी हेच सांगते. पुढं जे लिहिलंय ते बहुतेक सगळं मामांच्या त्या एका वाक्यातूनच निघालेलं आहे: समोरच्याला जनावराची शंका यायच्या आत आपण माणूस म्हणून ओळखू आलं पाहिजे.

आपल्याकडचा शिकारी वेगळा का

काही देशांत शिकारीचा हंगाम असतो. तारखा जाहीर होतात, शिकारी भडक रंगाची बंडी घालतो, वाटेवर पाटी लागते. डोंगरात फिरणाऱ्याला निदान कळतं की अमुक दिवशी अमुक रानात बंदुका आहेत. आपल्याकडं तसं काही नाही, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरांसारख्या प्राण्यांबाबत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, पण तो अपवाद. काळवीट, चिंकारा, लांडगा, माळढोक हे पहिल्या अनुसूचीतले जीव. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर दंडही किमान पंचवीस हजार रुपये झाला आहे.

त्यामुळं इथं बंदूक घेऊन फिरणारा माणूस लपून येतो. तो अंधुक उजेडात, घाईत असतो. पाठीमागं काय आहे ते बघत नाही, हललेल्या गवतावर किंवा चमकलेल्या डोळ्यांवर बार टाकतो आणि पळायच्या तयारीत असतो. त्यात आपला माळ सपाट. डोंगरात चुकलेली गोळी उतारात घुसते, इथं तिला अडवायला काही नसतं. बारीक छर्रे दोनेकशे मीटरपर्यंत जातात, पण पॉइंट बावीसच्या छोट्या रायफलीची गोळीसुद्धा किलोमीटरभराहून लांब जाऊ शकते. मुरुमावर किंवा दगडावर आपटली तर ती दिशा बदलते.

निघायच्या आधी

आधी गावात थांबा. नान्नज, मार्डी, वडाळा, अकोलेकाटी, कुठल्याही बाजूनं माळावर जा, पण पारावर, हॉटेलात, दूध डेअरीपाशी पाच मिनिटं काढा. "मामा, रात्री इकडं काही आवाज झाला का? नवीन गाड्या दिसल्या का?" एवढं विचारा. रात्री शेतीपंपाची लाईट असली की शेतकरी पाणी द्यायला रानातच असतो, त्याला सगळं ठाऊक असतं. मेंढपाळांना त्याहून जास्त. रात्री प्रखर बॅटरी मारत गाडी फिरली असं कुणी म्हणालं, तर त्या बाजूचा पहाटेचा फेरा सोडून द्या. दिवस चांगला वर आल्यावर जा, काळवीट तेव्हाही दिसतात.

अभयारण्यात जायचं असेल तर वनविभागाची परवानगी घेऊनच, आणि नवख्यानं तरी वनरक्षक किंवा स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा. १९७९ साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य आधी साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, २०१२ मध्ये ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आलं. हे क्षेत्र सलग कुंपणातलं रान नाही. वनाचा तुकडा, मग कुणाची तरी तूर, मग गायरान, मग पुन्हा वन, असं ते सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत पसरलेलं आहे. एकाच गाडीवाटेवर ऊसतोडीची बैलगाडी, मेंढरं, शाळेची पोरं, तुमची दुचाकी आणि चोरून आलेला शिकारी असे सगळेच येतात. गस्तीची गाडी सगळीकडं एका वेळी असू शकत नाही.

घरी किंवा मित्राला सांगून जा: कुठल्या गावाकडून आत शिरणार, कधी परतणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. "नान्नजला चाललोय" हे पुरेसं नाही. गाडी जिथं लावाल तिथलं लोकेशन पाठवा, कारण आत गेल्यावर रेंज मिळेलच असं नाही. फोनमध्ये चार नंबर आधीच साठवा: पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आणि विजेसाठी १९१२.

अंगावर काय घालायचं

इथं पक्षीप्रेमी मंडळींशी माझा जुना वाद आहे. फौजी ठिपक्यांचे कपडे चांगले फोटो मिळावेत म्हणून घालतात, आणि जानेवारीच्या पिवळ्या गवतात त्या कपड्यांतला माणूस खरोखर दिसेनासा होतो. पक्ष्याला नाही तर नाही, पण बंदूकवाल्याला तरी दिसायला हवं की नको? तपकिरी, काळा आणि पांढरा हे तीन रंग एकत्र तर मुळीच नकोत. वाकलेल्या माणसाच्या अंगावर ते लांबून थेट काळविटासारखे दिसतात.

धनगरमामांचा लाल किंवा भगवा पटका अर्ध्या किलोमीटरवरून ओळखू येतो. तसंच करा. नारिंगी उपरणं, ओढणी, सुती टोपी, जे असेल ते डोक्याला आणि छातीला. रस्त्याच्या कामगारांची नारिंगी जाळीची बंडी हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते, ती सॅकवरसुद्धा चढवता येते. हरणं बिचकतील ही भीती सोडा. काळविटाच्या डोळ्याला नारिंगी आणि हिरवा यांतला फरक फारसा कळत नाही, ते तुमच्या हालचालीला आणि वासाला बिचकतं. पक्ष्यांना रंग दिसतो हे खरं. पण हळू चाललात आणि अंतर राखलंत तर नारिंगी टोपीनं फार बिघडत नाही, असा माझा तरी इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

कुत्रं बरोबर असेल तर गळ्यात लाल कापड आणि घुंगरू बांधा आणि ते दोरीला धरा. मोकळं कुत्रं लांडग्यांना, हरणांना त्रास देतं, आणि बंदुकीपुढंही तेच आधी जातं.

वाटेवर

वाट सोडू नका. ज्वारी किंवा ऊस दोन्ही बाजूंना उभा असेल तिथून जाताना बोलत जा. मोबाइलवर गाणी लावायची गरज नाही, त्यानं माळाची शांतता जाते. पण माणसाचा आवाज आला पाहिजे. वळणावर, बांध चढून पलीकडं उतरायच्या आधी, ओढ्यात शिरताना एक मोठी हाळी घाला: "ओ, कोण हाय का रानात?" शेतकरी असेल तर ओ देतो. कुणी ओ दिली नाही आणि तरी पीक हलतंय असं वाटलं, तर पुन्हा हाळी घालून उभ्या उभ्या मागं फिरा.

हुरड्याच्या दिवसांत बंदुकीखेरीज आणखी एक गोष्ट डोक्यावरून जाते, ती म्हणजे गोफणीचा दगड. ज्वारी राखणारा माचव्यावर उभा राहून पाखरं हाकतो, त्याला ताटांमागचे तुम्ही दिसत नाही. त्याचा यात काही दोष नाही. हाळी घातली की तो गोफण थांबवतो, वर हुरडा खायला बोलावतो. काही ठिकाणी रानडुकरं आणि पाखरं पळवायला पाइपमध्ये कार्बाइड घालून बार काढतात. ठराविक वेळानं, एकाच जागेवरून, दिवसभर येणारा आवाज बहुधा तो असतो. तरी अंदाज बांधत बसू नका, गावात विचारून खात्री करा.

फोटोसाठी बसायचंच असेल तर एकजण मागं उभा राहील, नारिंगी कापड घालून. एकट्यानं जायचं असेल तर नारिंगी कापड जवळच्या बाभळीला किंवा काठीला डोक्याच्या उंचीवर बांधा आणि मग बसा. पाणवठ्याच्या काठच्या झुडपांत दडून बसणं उन्हाळ्यात सर्वांत धोक्याचं. एप्रिल-मे महिन्यात पाणी आटलं की जनावरं उरलेल्या थोड्या पाण्यावर येतात, आणि त्यांच्या मागावर असलेला माणूसही तिथंच, समोरच्या काठाला दबा धरतो.

नजर जमिनीकडं

बंदुकीचा आवाज तरी येतो. पुढच्या तीन गोष्टी मुकाट असतात, म्हणून मला त्यांची जास्त भीती वाटते.

पहिली, फास आणि वाघर, म्हणजे शिकारीचं जाळं. कुंपणाच्या फटीत, बोरीच्या जाळीखाली, ससा-डुकराच्या पायवाटेवर क्लच वायरचा किंवा बारीक तारेचा फास लावलेला असतो. माणसाचा पाय अडकून तोंडावर आपटतो, दुचाकी घसरते. म्हणून कुंपणातून वाकून जाऊ नका, जनावरांच्या बारक्या वाटा टाळा. फास दिसला तर फोटो काढा, जागा टिपा, वनविभागाला कळवा. स्वतः काढत बसू नका. लावणारा जवळपास असू शकतो, आणि फास जागेवर असेल तर वनविभागाला पंचनामा करता येतो.

दुसरी, रानडुकरांसाठी ठेवलेले गावठी बॉम्ब. लिंबाएवढा गोळा, वरून दोरा किंवा कणीक, चरबी लावलेला. डुकरानं चावला की फुटतो. पायाखाली आला, उचलला, कुत्र्यानं तोंडात धरला तरी फुटू शकतो. बांधाच्या कडेला, ओढ्याकाठी, पिकाच्या तोंडाला असा बेवारस गोळा दिसला की हात लावायचा नाही, काठीनं ढोसायचं नाही, दगड मारायचा नाही. आल्या पावली मागं फिरा, पन्नास पावलांवर कुणी तिकडं जाणार नाही अशी खूण करा आणि ११२ ला फोन करा. बरोबर लहान मूल असेल तर रानात पडलेलं काहीही उचलायचं नाही हे घरूनच बजावून आणा.

तिसरी सगळ्यांत वाईट: शेताभोवती उघड्या तारेत सोडलेला वीजप्रवाह. खुंट्यांवर, गुडघ्याच्या खाली, बारीक तार ताणलेली असते आणि ती रात्री खांबावरच्या लाईनला आकडा टाकून जोडलेली असते. डुक्कर मारायला लावलेल्या अशा तारेनं महाराष्ट्रात शेतकरी, मजूर, अगदी तार लावणाऱ्याच्या घरची माणसंही गेली आहेत. अंधारात शेताच्या बांधावरून चालू नका, एवढ्या एकाच कारणासाठी. सौर झटका मशीनचं कुंपण वेगळं. त्याला ठराविक अंतरानं क्षणभराचा झटका असतो, पेटीतून टक-टक आवाज येतो, पाटी लावलेली असते, तारा नीट इन्सुलेटरवर असतात. पण कुंपण कुठलं आहे हे हात लावून तपासायचं नसतं. तारेला चिकटलेला माणूस किंवा जनावर दिसलं तर धावत जवळ जाऊ नका. आसपासच्या जमिनीतही प्रवाह असू शकतो. पाय न उचलता, पावलाला पाऊल लावून सरकत निदान दहा मीटर मागं या, १९१२ आणि ११२ ला कळवा, लाईन बंद झाल्याची खात्री झाल्यावरच जवळ जा. लाईन बंद झाली आणि माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा, १०८ येईपर्यंत. विजेच्या धक्क्यानं थांबलेलं हृदय यानं पुन्हा चालू होण्याची आशा असते, दमलात तर दुसऱ्याला लावा पण थांबू नका.

बार ऐकू आला तर

लांबून आला तर थांबा, सरळ उभे राहा, हात वर करून कापड हलवा आणि ओरडा: "माणसं आहेत! बार टाकू नका!" शिट्टी असेल तर ती वाजवा. पळू नका, पळणारी आकृती गवतात जनावरासारखीच दिसते. पुढचा आवाज कुठून येतो ते ऐका, आणि त्याच्या विरुद्ध दिशेला, उघड्यावरच्या वाटेनं, बोलत बोलत निघा. झुडपांच्या आडून नको.

छर्रे पानांत पडले, किंवा आधी चाबकासारखा कडाका ऐकू आला आणि मग लांबून ठो असा आवाज आला, तर बंदूक तुमच्याच बाजूला वळलेली आहे. गोळी आवाजाच्या पुढं धावते म्हणून तसं ऐकू येतं. अशा वेळी ताबडतोब पालथं पडा. मातीचा बांध, विहिरीचं दगडी बांधकाम, चर, काहीही घट्ट मध्ये येऊ द्या. बाभळीचं खोड किंवा कडब्याची गंजी यांवर विसंबू नका. पडल्या जागेवरून मात्र ओरडत राहा. मी त्या दिवशी दबले आणि गप्प राहिले. मामा ओरडले नसते तर दुसरा बार टाकायला त्या माणसाला काहीच आड येणार नव्हतं.

समोरासमोर आलात तर

हे तरुण पोरांना पटवणं मला सगळ्यात जड जातं. त्यांना राग येतो, आणि तो योग्यच आहे. मेलेलं काळवीट दुचाकीवर टाकून नेणारा माणूस बघून रक्त उसळणारच. पण त्याच्या हातात बंदूक आहे, त्याला सात वर्षांच्या कैदेची भीती आहे, आणि तिथं बघणारे फक्त तुम्ही आहात. हुज्जत घालू नका, तोंडावर बॅटरी मारू नका, मोबाइल समोर धरून चित्रण करू नका. "रामराम मामा, हा रस्ता मार्डीला जातो का?" असं विचारा आणि वाटसरूसारखे निघून जा. जाताना गाडीचा नंबर, रंग, किती माणसं, बरोबर कुत्री किती, कुठल्या दिशेला गेले, वेळ काय, एवढं डोक्यात ठेवा. नजरेआड झालात की लगेच फोनमध्ये लिहा.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. खांद्यावर जाळं, हातात काठी, बरोबर कुत्रं दिसलं की पारध्याचा आहे, शिकारी आहे असं म्हणू नका. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी काही जमातींवर जन्मानं गुन्हेगार हा शिक्का मारायला सुरुवात केली. तो १९५२ साली पुसला गेला, पण सोलापुरात या जमातींना कुंपणात डांबून ठेवायच्या वसाहतीचं सेटलमेंट हे नाव अजून तोंडी आहे आणि संशयही. वर्णन करायचं ते कृतीचं आणि गाडीचं, जातीचं नाही. रात्री बॅटरी मारत गाडीतून फिरणारे कित्येकदा शहरातून, चांगल्या घरांतून आलेले असतात.

अंधार पडल्यावर

नवख्यानं सूर्य मावळल्यावर गाडीवाटेवर राहू नये. अमावस्येच्या मागच्या-पुढच्या रात्री तर नाहीच. त्या रात्री सशांसाठी प्रखर दिवे फिरतात आणि दिव्यात चमकलेल्या डोळ्यांवर बार पडतो. उशीर झालाच तर गाडीचे दिवे चालू ठेवा, आतला दिवाही लावा, इंडिकेटर चालू ठेवा, हळू चला. पायी असाल तर कपाळावरची बॅटरी जनावराच्या डोळ्यासारखी लांबून लुकलुकू देऊ नका. ती हातात धरा, आपल्याच अंगावर आणि नारिंगी कापडावर पाडा, म्हणजे माणसाची आकृती दिसते.

कुणाला लागलं तर

रक्त येतंय तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि सोडू नका. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल तर जखमेच्या वरच्या अंगाला, धडाच्या बाजूला, रुंद पट्टी करकचून आवळा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवा. छर्रा कोरून काढायला जाऊ नका, हळद-चुना भरू नका. बारीक भोक दिसलं म्हणून जखम लहान समजू नका. १०८ ला फोन करा. गाडी आतपर्यंत येणार नसेल तर जखमीला झोळीत किंवा बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणा. पावसाळ्यात काळ्या रानात रुग्णवाहिका रुतते, हे बोलावतानाच सांगा. बंदुकीच्या जखमेची पोलिसांत नोंद होते. ती टाळायला कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

कळवताना

१९२६ वर बोलताना पहिल्या वाक्यात जागा सांगा: जवळचं गाव, कुठल्या रस्त्यापासून किती आत, जवळची विहीर, देऊळ, पवनचक्की किंवा खांबाचा नंबर. मग काय पाहिलं, मग गाडीचा नंबर. मेलेलं जनावर, रिकामं काडतूस, रक्त लागलेलं पोतं, कशालाही हात लावू नका. लांबून फोटो घ्या. नाव गुप्त ठेवायचं असेल तर तसं फोनवरच स्पष्ट सांगा. जबाब द्यायची तयारी असेल तर तो वाचून, आपल्या शब्दांत आहे ना हे बघूनच सही करा.

आणि गावातून परत जाताना, सकाळी ज्यांना विचारून आत गेला होता त्या मामांना सांगून जा की तुम्ही बाहेर पडलात. नाहीतर संध्याकाळी मेंढरं वाड्यात घातल्यावर ते काठी घेऊन तुम्हाला हुडकायला माळावर जातील. माझ्या बाबतीत तसं एकदा झालं आहे.